ठेका कोणाच्या नावावर?

आंबेडकरी गाण्यावर आपल्याकडे जे लिहिले गेले, ते जवळजवळ सगळे शब्दांवर लिहिले गेले आहे. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गीतांतील प्रतिमा, भीमराव कर्डकांच्या जलशांतील प्रबोधन, कव्वालीतील इतिहासकथन यांवर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली. ती व्हायलाच हवी होती. परंतु हे गाणे ज्यांच्यासाठी होते त्यांच्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी ते रात्रभर जागून कानांनी घेतले, ही साधी गोष्ट आमच्या समीक्षेने कधी मनावर घेतली नाही. शब्द कानांवर पडतो आणि ठेका अंगात भिनतो. तो ठेका धरणारा माणूस कोण, त्याने गाण्याचे नेमके काय केले, हा प्रश्न आमच्याकडे उपस्थितच होत नाही. प्रस्थापित समीक्षेने दलितांच्या शब्दाला जागा नाकारली, तशीच जागा आम्ही आमच्या ढोलकीवाल्याला नाकारली आहे, असे म्हणणे भाग आहे.

जलशाचेच उदाहरण घ्या. तमाशाची सुरुवात गणाने होते असे पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात गणाच्याही आधी ढोलकी आणि हलगी एकमेकांना भिडतात, सलामी होते, आणि मगच माणसे माना वर करतात. आंबेडकरी जलशाने गणपती काढला, कृष्णाची गवळण काढली, राजाराणीचा वग काढला. जे काढता आले नाही ते ढोलकी. म्हणजे तमाशातून जलसा घडताना आशय पुरता उलटला तरी खालची जमीन तीच राहिली, आणि ती जमीन ढोलकीवाल्याने सांभाळली. सामाजिक कार्यक्रम मांडणारे पद लावणीच्या ठेक्यावर बसवले तर ते हास्यास्पद होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी ठेक्यातला नखरा कमी करावा लागतो, थाप जड करावी लागते. हा निर्णय वाजवणाऱ्या हाताचा असतो. कवीने तो कागदावर लिहून दिलेला नसतो. मला तरी ही समीक्षेच्या योग्यतेची कृती वाटते.

कव्वालीतही तेच. नागपूरचे नागोराव पाटणकर घ्या की प्रल्हाद शिंदे. गायक एक ओळ तीनदा फिरवतो तेव्हा तिसऱ्या वेळी श्रोता उठतो तो केवळ अर्थाने उठत नाही. पहिल्या दोन वेळा ढोलकवाला केहरवा सरळ ठेवतो, हात आखडता घेतो. तिसऱ्या वेळी तो लग्गी सोडतो आणि ओळ दुप्पट वेगाने धावल्याचा भास होतो. गायकाने लय वाढवलेलीच नसते! बक्षिसाची नोट मात्र पेटीवर येऊन पडते. कॅसेटच्या वेष्टनावर गायक, कवी, संगीतकार आणि कंपनी यांची नावे असत. ढोलकवाल्याचे नाव शोधूनही क्वचितच सापडते.

हे मौन निव्वळ निष्काळजीपणाचे नाही. त्याच्यामागे एक जखम आहे आणि तिच्याविषयी आपण मोकळेपणाने बोललेले नाही. डफडे ही आपल्याकडे कला म्हणून आली नाही. ती गावकीची सक्ती म्हणून आली. दवंडी पिटणे, मरीआईपुढे वाजवणे, सवर्णाच्या लग्नात वरातीपुढे चालणे आणि जेवणाच्या पंगतीबाहेर थांबणे, हे त्या वाद्याबरोबर येत होते. मेलेल्या जनावराचे कातडे आणि ते वाजवणारा हात यांना एकच विटाळ होता. महाडच्या परिषदेनंतर (१९२७) मृतमांस आणि ढोरे ओढणे सोडण्याची हाक गावोगाव पोहोचली, आणि त्याच ओघात, विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर, पुष्कळ वस्त्यांनी डफडेही खाली ठेवले. हा नकार स्वाभिमानाचा होता. त्याला आज बसल्या जागेवरून ‘लोककलेची हानी’ म्हणून हळहळणारे सांस्कृतिक अभ्यासक मला अजिबात मान्य नाहीत. ज्याला वाजवलेच पाहिजे असा दंडक आहे, त्याचे न वाजवणे हीच त्याची पहिली स्वतंत्र कृती असते.

पण नकाराच्या पुढची गोष्टही खरी आहे. गावासाठी वाजवणे सुटले, जयंतीसाठी वाजवणे सुटले नाही. तोच हात, कधी कधी तेच वाद्य, पण आता कोणाच्या हुकमाने नव्हे. सक्तीचे वाद्य आपल्या मर्जीचे झाले, हे स्थित्यंतर कोणत्याही विद्रोही कवितेइतके मोठे आहे. ते कवितेत आले नाही म्हणून त्याची नोंद झाली नाही, एवढेच.

आमच्या झाडीपट्टीत हे अधिक स्पष्ट दिसते. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १९९९ साली, पण इथला ठेका कोणत्याच जिल्ह्याच्या हद्दी मानत नाही. पूर्वेला छत्तीसगडचा गडवा बाजा आहे. मोहरी, डफडे, निसान, टिमकी हा त्याचा ताफा, आणि तो वाजवणारे तिकडचे अस्पृश्य मानले गेलेले. सालेकसा-देवरीकडे गोंडांचे ढोल. मध्ये आमची दंडार आणि खडी गंमत. खडी गंमतीत वाजवणारेही रात्रभर उभेच असतात, ढोलकी कमरेला बांधून. नाच्याबरोबर ढोलकीवालाही पुढे सरकतो, मागे होतो, त्याच्या पायाला आपल्या बोटांनी उत्तर देतो. पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर वादक कोपऱ्यात बसलेला असतो. इथे तो पात्र आहे.

आणि आता धुमाल. सुशिक्षितांना, त्यात आपलेही सुशिक्षित आले, हा शब्द ऐकला की कपाळावर आठी चढते. दुर्ग-राजनांदगावपासून गोंदिया-नागपूरपर्यंत पसरलेला हा आमच्या भागाचा बँड आहे. गाडीवर ध्वनिवर्धक, एक ऑर्गन आणि बाकी सगळा ताल: ढोल, ताशे, टिमकी, ऑक्टोपॅड. नागपुरात याच प्रकाराला संदल असेही म्हणतात. दर्ग्याच्या मिरवणुकीचे नाव भीमजयंतीच्या मिरवणुकीला लागावे, यात जो इतिहास आहे तो एखाद्याने स्वतंत्रपणे लिहावा. धुमालमध्ये गायक बहुधा नसतो. ऑर्गन भीमगीताची चाल वाजवतो आणि शब्द रस्त्यावरची माणसे मनात किंवा मोठ्याने भरतात. चांगला पॅडवाला ध्रुपदाच्या शेवटी दोन मात्रा मोकळ्या सोडतो. त्या मोकळ्या जागेत ‘जय भीम’ येतो. ती जागा चुकली, एक मात्रा जरी आधी थाप पडली, तर घोषणा विस्कळीत होते आणि मिरवणूक नुसती गर्दी होते. माझ्या वर्गातली दोन मुले हंगामात पॅड वाजवतात. छंदशास्त्राच्या तासाला त्यांना यती समजावून सांगावी लागत नाही.

धुमालचे सगळेच चांगले आहे असे मी म्हणत नाही. पुष्कळ ताफे सिनेमाचे ठेके जसेच्या तसे उचलतात, पॅडमध्ये भरून ठेवलेले आवाज कोणीही वाजवले तरी सारखेच येतात, आणि आवाजाच्या स्पर्धेत म्हाताऱ्यांच्या छातीचा विचार कोणी करत नाही. मोठ्याने वाजवणे म्हणजे चांगले वाजवणे नव्हे. परंतु चांगले आणि वाईट असा भेद करायचा तर आधी ऐकावे लागते. धुमालकडे केवळ उपद्रव म्हणून पाहणाऱ्याला हा भेद करता येत नाही.

पाश्चात्त्य रॉक संगीतात तालवादकाची कदर आहे, असे म्हणतात, आणि ते काही अंशी खरे आहे. लेड झेपेलिन या इंग्लिश बँडचा ड्रमवादक जॉन बोनम १९८० च्या सप्टेंबरमध्ये वारला आणि डिसेंबरमध्ये बाकीच्या तिघांनी बँडच बंद केल्याचे जाहीर केले. त्याच्या हाताशिवाय तो आवाज आमचा नाही, हा त्याचा अर्थ. पण ही कदर गोऱ्या बँडमधली. काळा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड याची कथा आपल्याला जवळची वाटेल. जेम्स ब्राउनच्या १९७० च्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यात त्याने वाजवलेला तुकडा पुढे शेकडो रॅप गाण्यांनी उचलला. पब्लिक एनिमीच्या १९८९ च्या ‘फाइट द पॉवर’मध्येही तो आहे. गाण्याचे शीर्षकच ‘ड्रमवाला’, पण रचनाकार म्हणून नाव ब्राउनचे. ज्या तुकड्यावर एका पिढीचा संताप उभा राहिला, त्याचे स्वामित्वधन वाजवणाऱ्याला मिळाले नाही. २०१७ साली तो गेला.

आपला कायदाही याहून वेगळा नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्या होती: स्वरावली किंवा स्वरमेळ, किंवा दोन्ही, आणि तेही लिहून अथवा छापून काढलेले. त्यात ताल हा शब्दच नव्हता. ही व्याख्या १९९४ मध्ये बदलली. पण तोपर्यंत सदतीस वर्षे, म्हणजे भीमगीतांचा आणि कॅसेटचा सगळा भरभराटीचा काळ, कायद्याच्या लेखी संगीत म्हणजे जे लिहिता येते ते. ज्यांच्याकडे लेखणी नव्हती, पण हात होते, त्यांची निर्मिती कायद्याच्या व्याख्येतच बसत नव्हती. मनूचे नाव न घेताही वर्णव्यवस्था कशी चालते, याचा हा नमुना आहे.

आता ढोलाची पाने प्लास्टिकची झाली आहेत. कातडे गेले, विटाळही गेला असे वाटेल. पुण्याच्या गणेशोत्सवात नोकरदार आणि महाविद्यालयीन तरुण-तरुणी ढोल-ताशा पथकांत अभिमानाने वाजवतात, त्याला ‘संस्कृती’ म्हणतात. आमची मुले वाजवतात, त्याला ‘धंदा’ म्हणतात. कातडे तयार करणाऱ्या हातांचे काय होते ते टी. एम. कृष्णा यांच्या मृदंग बनवणाऱ्यांवरील पुस्तकाने दाखवले. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशन समारंभासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने दिलेले सभागृह ऐनवेळी नाकारले गेले. त्याच शहरात पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१८ च्या जानेवारीत कास्टलेस कलेक्टिव्ह हा बँड रंगमंचावर आला, त्यात मरणाच्या वाटेवर वाजणारी परई आणि रॉकचा ड्रमसंच शेजारी शेजारी उभे होते. मुंबईत कबीर शाक्य यांचा धम्म विंग्स आहे. गिटार ऐकून लोक त्याला नवे म्हणतात. मी त्यात आधी ठेका ऐकतो, आणि तो नवा नाही.

या भागातील महाविद्यालये दरवर्षी विद्यार्थ्यांना लोकसाहित्य गोळा करायला गावांत पाठवतात आणि मुले गाण्यांच्या ओळी उतरवून आणतात. यंदा त्यांनी ओळी थोड्या कमी आणाव्यात. ढोलकी कोणाकडून शिकलास, कोणत्या गावचा ठेका कोणता, वडिलांनी डफडे का ठेवले आणि तू पॅड का उचललास, एका रात्रीचे तुला काय मिळते आणि मालकाला काय, एवढे विचारून यावे, आणि वाजवणाऱ्याची परवानगी असेल तर वहीत त्याचे नाव लिहावे. मंडईचा हंगाम भाऊबीजेपासून सुरू होतो.