स्वच्छंदतावादी चित्रकलेची लक्षणे : भग्नावशेषांच्या चित्रणासंदर्भात

प्रास्ताविक : मराठीत ‘रोमँटिक’ हा शब्द प्रणयाशी इतका निगडित झाला आहे की, चित्रकलेच्या अध्यापनात त्यामुळे घोटाळा होतो. विरहिणी, चांदणे किंवा पडका बुरूज दिसला की चित्र स्वच्छंदतावादी ठरविले जाते. विषयावरून वाद ठरविण्याची ही पद्धती सदोष आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लक्षणे : नवअभिजातवादाच्या संयत, रेखाप्रधान शैलीच्या प्रतिक्रियेतून ही प्रवृत्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बळावली. भावनेचे प्राधान्य, निसर्गाची उदात्तता, कल्पनेचे स्वातंत्र्य आणि रेषेपेक्षा रंगाला महत्त्व ही तिची लक्षणे पाठ्यपुस्तकांत दिली जातात. देलाक्रवाच्या ‘जनतेचे नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’ (१८३०) या चित्रास ती बव्हंशी लागू पडतात. परंतु जर्मन चित्रकार फ्रीडरिशची रेषा काटेकोर आणि रंगलेपन गुळगुळीत आहे. तरीही तो या प्रवृत्तीचा अग्रणी मानला जातो. म्हणजे तंत्र हे निर्णायक लक्षण नव्हे.

विवेचन : फ्रीडरिशच्या ‘ओकवनातील मठ’ (१८०९-१०) या चित्रात भग्न मठाची भिंत, निष्पर्ण वृक्ष आणि शवपेटी नेणारे साधू दिसतात. एल्डेना येथील प्रत्यक्ष अवशेष त्याने कल्पित परिसरात नेऊन ठेवले. तेथे वास्तू ही नोंद राहत नाही. मृत्यूविषयीच्या चिंतनाचे ते रूप होते. वसईच्या किल्ल्यातील छप्पर हरपलेली पोर्तुगीजकालीन चर्चे या दृष्टीने विचारार्ह आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या या किल्ल्यातील कमानींचे अचूक जलरंगचित्र मोलाचा दस्तऐवज ठरेल. मात्र केवळ अवशेषांमुळे ते स्वच्छंदतावादी होणार नाही.

राजा रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांत भावनाट्य आहे, पण त्यांची मांडणी मुख्यतः अकादमिक वास्तववादाची आहे. याउलट मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूर परिसराची निसर्गचित्रे काढली. त्यांत कथा नाही की वीरनायक नाही. तरी प्रकाश आणि रंग यांतून एकाकी मनाची अवस्था प्रकटते. त्यांच्यावर दृक्प्रत्ययवादाची छाया मान्य करूनही, वृत्तीने ते या प्रवृत्तीला अधिक जवळचे वाटतात.

समारोप : सारांश, स्वच्छंदतावाद चित्रविषयात नसून चित्रकाराच्या दृष्टीत असतो. वर्गात लक्षणांची यादी देण्यापूर्वी विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारावा : या चित्रात स्थळ दिसते, की स्थळ पाहणारे मन?