श्रुती : निवडलेली आणि शोधलेली

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची चर्चा ‘अस्सल की नक्कल’ या द्वंद्वातच अडकते. वस्तुतः प्रश्न श्रवणव्यवहाराचा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सातारा-सांगली परिसरात कृष्णाजी बल्लाळ देवल व सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमचा पुरस्कार केला; त्यांच्या श्रुतिमापनाला अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार होता. तिथे यंत्राचे प्रमाण गळा होता. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यापासून हा क्रम उलटला : यंत्र प्रमाण ठरले. एकट्याने रियाज करणाऱ्या वादकाला त्याने अखंड आधार दिला, हे नाकारता येत नाही. परंतु मिरजेच्या तंबोऱ्यात जवारी आणि तारेखालचा सुती दोरा यांच्या सूक्ष्म मेळातून स्वयंभू स्वर उमटतात. हा मेळ हवेप्रमाणे ढळतो. म्हणून तंबोरा लावणे हेच रागाचे पहिले वाचन ठरते. मारव्यासाठी पंचमाची तार निषादावर नेताना वादक तो निषाद शोधतो. यंत्रावर तो केवळ निवडतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन वस्तूच्या नावाचे रक्षण करील. शोधणाऱ्या कानाचे रक्षण रियाजालाच करावे लागेल.