प्रेरणा कोणाची, पायताण कोणाचे?

कलावंताला प्रेरणा भोवतालच्या जगातून मिळते, असे आपले समीक्षक सांगत आले. पण त्या भोवतालात राबणारा माणूस त्यांच्या लेखी कलावंत असतो काय? जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाचे पायताण मिरवले. ओरड झाली, तेव्हा कुठे प्रेरणास्थान कबूल केले. २०१९ चे भौगोलिक मानांकन असूनही! परंतु दोष केवळ परक्यांचा नाही. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कातडे कमावणारा ढोर, रापी-आरी चालवणारा चांभार यांना ‘कलापूर’ या बिरुदात आपण तरी कोठे जागा दिली? चित्राखाली चित्रकाराची सही असते. वहाणेवर कारागिराची नसते. का नसते, याचे उत्तर आपल्या सौंदर्यशास्त्राने आधी द्यावे.