तीन कॉलमचं गोदाम

आज आम्ही एका लोकप्रिय रचनेवर टीका करणार आहोत. ही टीका सगळ्यात आधी आमच्यावरच लागू होते.

प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. एका रुग्णालयाच्या भांडारात औषधं, हातमोजे, सुया, खाटा असं सगळं असतं. हातमोज्याला साइझ, सुईला गेज, औषधाला एक्सपायरी. मग टेबलात कॉलम ठेवायचे तरी किती? आम्ही सोपी वाट धरली. एकच टेबल, तीन कॉलम : वस्तू, गुणधर्म, मूल्य. याला एंटिटी-अ‍ॅट्रिब्यूट-व्हॅल्यू, थोडक्यात ईएव्ही म्हणतात. नवा गुणधर्म आला की फक्त एक ओळ वाढवायची. मॅजेंटोसारख्या ई-कॉमर्स प्रणालीतही उत्पादनांचे गुणधर्म याच पद्धतीनं ठेवलेले आहेत, तेव्हा हा निव्वळ वेडेपणा नाही, हे मान्य करू.

पण मॅजेंटोनं निदान तारीख, संख्या आणि मजकूर यांची टेबलं वेगळी ठेवली. आम्ही सगळं मजकुरातच कोंबलं. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात प्रत्येक कॉलमला ठरलेलं डोमेन असतं. आमच्या कॉलममध्ये कुणी '०३/०४/२०१९' लिहिलं, कुणी 'एप्रिल १९'. आता पुढच्या महिन्यात काय संपणार, हे डेटाबेसला विचारणार कसं?

याहून मोठी चूक पुढेच आहे. आमच्या टेबलात एका वस्तूला एका गुणधर्माचं एकच मूल्य. नवी बॅच आली की कारकून एक्सपायरी बदलायचा आणि जुन्या बॅचची तारीख पुसली जायची. रिपोर्ट म्हणे सगळं ठीक, आणि शेल्फवर मुदत संपलेल्या कुप्या! भांडारातल्या बाई प्रत्येक कुपी हातानं तपासायच्या, म्हणून त्या कुप्या रुग्णांपर्यंत पोचल्या नाहीत.

एक्सपायरी हा औषधाचा गुणधर्म नाहीच, तो बॅचचा आहे. आमच्या रचनेत बॅच नावाचं टेबलच नव्हतं, आणि ते नाही हे ईएव्हीनं आम्हाला कळूच दिलं नाही.

मग करायचं काय? सगळ्यांना समान ते 'वस्तू' टेबलात. औषध, सुई यांची वेगळी टेबलं, त्याच प्रायमरी कीनं जोडलेली. बॅचचं स्वतंत्र टेबल, त्यात एक्सपायरी तारीख म्हणूनच, आणि नॉट नल. ज्यावर नियम लावायचा, ज्यावर प्रश्न विचारायचा, त्याला कॉलम हवाच. नुसतं स्क्रीनवर दाखवायचं ते खुशाल जेसनमध्ये ठेवा. पोस्टग्रेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून जेसनबी आहेच.

तुम्ही म्हणाल, नवा प्रकार आला की टेबल बदलावं लागेल. हो, लागेल. आणि बदलण्याआधी भांडारात जाऊन विचारावं लागेल, की ही तारीख नेमकी कशाची? ईएव्हीनं आमचा तेवढाच त्रास वाचवला होता. तो प्रश्न विचारला असता, तर बॅच पहिल्याच दिवशी सापडली असती.