दारामागचा मजकूर

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. गाडीचं बाळबोध चित्र, पुढच्या-मागच्या चाकांसमोर हवेच्या दाबाचे आकडे आणि एक शब्द : कोल्ड. साध्या हॅचबॅकला बहुधा ३३ पीएसआय. मुरबाड-शहापूरकडे या मजकुराला वाचक फार थोडे. पंक्चरवाला विचारतो, "किती मारू, शेठ?" आणि शेठ सांगतात, "मार पस्तीस, माणसं हायेत." तरी रसग्रहण करावं एवढा ऐवज त्या चिटोऱ्यात आहे.

'कोल्ड'पासूनच सुरुवात करू. गाडी काही तास उभी राहिल्यावर, टायर गार असताना मोजलेली हवा, असा त्याचा अर्थ. तापमान साडेपाच अंशांनी बदललं की हवा साधारण एका पीएसआयने बदलते. भर उन्हात नेमकी ३३ भरलेली गाडी २ जानेवारीच्या पहाटे सिद्धगडला, हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या अभिवादनाला निघाली, तर गेज ३०-३१च दाखवेल. उलट म्हसा, नारिवली करत पायथ्याला पोहोचलेला तापलेला टायर आकडा वाढवून दाखवतो, आणि मालक घाबरून हवा सोडतो. हे सगळं त्या एका शब्दाने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

टायरवरही आकडा असतो : मॅक्स, पुढे ४४ किंवा ५१. अक्षरं ठसठशीत, म्हणून लोक तोच खरा मानतात. पण ती टायरची सहनशक्ती. गाडीची गरज दारामागे लिहिलेली आहे.

मला मात्र या मजकुरात सर्वांत आवडतं ते त्याने न लिहिलेलं. डांबरी रस्ता त्याने गृहीतच धरलाय. माणसांसकट १२०० किलोची गाडी धरली तर एका चाकावर ३०० किलो. ३३ पीएसआयला ते चाक जमिनीला जेमतेम १३० चौरस सेंटिमीटर टेकतं, म्हणजे एका पोस्टकार्डाएवढं. डांबराला एवढं पुरतं. कोरड्या वाळूत चाक खाली जातं. हवा १६ वर आणली की दोन पोस्टकार्डं. टायरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त वाढतो आणि चाक वाळू उकरायचं सोडून तिच्यावरून चालू लागतं. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १९२९ पासून लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घातल्या त्या अशाच, हवा कमी करून. पुढे १९४१ साली वाळूच्या भौतिकीवर त्याने ग्रंथही लिहिला.

अर्थात ही मोकळीक सशर्त आहे. कमी हवेवर झटकन वळलात तर टायर रिमवरून निसटतो. तसेच डांबरावर येऊन वेगाने सुटलात तर टायरची बाजू तापून फुटते. तेव्हा वाळू संपली की तिथल्या तिथे ३३ परत भरायला हवेत, आणि तिथे कोणी "किती मारू" विचारायला नसतं. म्हणून छोटा कंप्रेसर. हवा भरायचं यंत्र जवळ असेल त्यानेच हवा सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते. यंत्र कानठळ्या बसवतं, एका टायरला काही मिनिटं घेतं, दोन टायर झाले की हाताला चटका देतं, मग थांबायचं.

हे वाचून कोणी कोकणातल्या पुळणीवर गाडी घालू नये. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि गोव्यात तर पोलीस गुन्हाच नोंदवतात. वाळूची हौस जैसलमेरला भागवा. सिद्धगडच्या वाटेवर हाच कंप्रेसर हळूहळू हवा जाणाऱ्या टायरला मुरबाडपर्यंत आणतो. घेणार असाल तर आधी गाडीच्या लायटर सॉकेटचा फ्यूज बघा : बऱ्याच गाड्यांत तो १५ अँपिअरचा असतो, आणि त्याहून जास्त ओढणारा कंप्रेसर थेट बॅटरीलाच जोडावा लागतो.