शहर कोणाचं? नेस्बिट यांच्या ‘द मॅजिक सिटी’विषयी

आता ई. नेस्बिट यांची ‘द मॅजिक सिटी’ घेऊ. १९१० सालची ही इंग्रजी कादंबरी. फिलिपला त्याच्या बऱ्याच मोठ्या बहिणीनं, हेलननं, आईच्या मायेनं वाढवलेलं. ती लग्न करते आणि नवऱ्याची मुलगी ल्यूसी फिलिपच्या वाट्याला येते, नको असलेली बहीण म्हणून. हेलन मधुचंद्राला गेलेली, हा त्या मोठ्या परक्या घरात एकटा. मग तो टेबलांवर शहर रचतो. ठोकळे, पुस्तकं, बुद्धिबळाच्या सोंगट्या, पितळी वाडगे, हाताला लागेल ते घेतो. आणि एका रात्री त्याच शहरात जाऊन पोचतो.

या कादंबरीतल्या कल्पनाशक्तीचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण मला वाटतं, तिचा खरा प्रश्न वेगळा आहे: आपण रचलेल्या जगात दुसऱ्याला जागा द्यायची की नाही? बघा, पहिल्याच फेरीत फिलिप ल्यूसीला मागे टाकून पळतो. तिला सोडवायला त्याला परत जावं लागतं. पुढे शहराचा तारणहार ठरायचं तर सात कामगिऱ्या पार पाडायच्या, आणि त्या ल्यूसीवाचून होत नाहीत. म्हणजे शहर त्यानं एकट्यानं बांधलं, पण तिथे निभाव लागतो तो बहिणीमुळे. हे नातं रक्ताचं नाही, बरोबरीनं काम करताना जुळलेलं आहे.

आता अडचणीची गोष्ट. शहराची वैरीण कोण? घरात मुलांना सांभाळायला ठेवलेली बाई. नेस्बिट तिला ‘प्रिटेंडरेट’ म्हणतात. गादीवर खोटा हक्क सांगणारा तो ‘प्रिटेंडर’. त्याला ‘सफ्रजेट’ची शेपटी जोडली. मताचा हक्क मागणाऱ्या बायकांची ही टिंगल. १८८४ मध्ये फेबियन सोसायटीच्या स्थापनेत सहभागी असलेल्या लेखिकेनं ती करावी, हे खटकतं.

तरी शेवटी नेस्बिट त्या बाईला बोलू देतात. दुसऱ्यांच्या घरात नोकर म्हणून, कोणाच्या मायेशिवाय जगणं म्हणजे काय, ते तिच्या तोंडून येतं आणि टिंगल तिथे थांबते. परक्या घरात फिलिप एकटा होता, तशी तीही होती. त्याला खेळायला टेबल मिळालं, तिच्या वाट्याला आवराआवर. त्याला शेवटी बहीण मिळते, तिला शिक्षा; सौम्य असली तरी शिक्षाच.

मुलांना हे पुस्तक जरूर वाचून दाखवा. फक्त त्या बाईच्या बोलण्यापाशी जरा थांबा. मुलं काय विचारतात, ते ऐका.