द्वेष कोणाचा आणि कोणाविषयी?

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला १९०७ सालची काँग्रेस विसरता येत नाही. टिळक व्यासपीठावर बोलावयास उभे राहिले, अध्यक्षांनी बोलू दिले नाही, आणि वादाचा शेवट जोडा व खुर्च्या यांच्या फेकाफेकीत झाला. पुढील जुलैत तेच टिळक मुंबई हायकोर्टात ज्यूरीपुढे एकवीस तास बोलले. ते भाषण वकिलाच्या नजरेने वाचताना त्याचे सामर्थ्य जाणवते, तशी मर्यादाही जाणवते.

सामर्थ्य भाषेविषयीच्या युक्तिवादात आहे. लेख मराठी, आरोप इंग्रजी भाषांतरावर, आणि निकाल मराठी न जाणणाऱ्यांचा! शब्दाचा डंख मूळ भाषेत शोधावा लागतो, हे टिळकांनी एकेका शब्दाची चिकित्सा करून दाखविले. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

मर्यादा अशी की, भाषणाचा भर वृत्तपत्रस्वातंत्र्यावर आहे. टिळकांवर राजद्रोहाबरोबर १५३अ हे कलमही होते, आणि त्याखाली त्यांना हजार रुपये दंड झाला. वर्गावर्गांत वैर वाढविण्याविरुद्धचे हे कलम १८९८ साली आले. राज्यकर्त्यांवरील रोष आणि शेजाऱ्याविषयीचा द्वेष त्याने एकाच तागडीत घातला. हा भेद कसा करावा, याचे उत्तर त्या भाषणातून हाती लागत नाही.

ते काही अंशी १९६९ साली मिळाले. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक दिल्ली प्रशासनाने १९६७ मध्ये जप्त केले होते. मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. पुस्तक समग्र वाचावे, सुटी वाक्ये उचलू नयेत, हे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर, मजकूर खरा आहे एवढ्याने बचाव पुरा होत नाही, हेही बजावले. मला दोन्ही मान्य आहेत. खरी हकीकतही वेचून, वेळ साधून सांगितली की तिची काडी होते.

परंतु एक कसोटी मी त्यात घालीन. शब्दांचा रोख कोणाच्या कृत्यावर आहे की जन्मावर? सत्ताधाऱ्याला कृत्य बदलता येते; शेजाऱ्याला जन्म बदलता येत नाही. २०२४ पासून नव्या संहितेच्या १९६व्या कलमात हाच गुन्हा नांदतो आहे, आणि खटला भरण्याची परवानगी अद्याप सरकारच्याच हाती आहे. म्हणून कसोटी स्पष्ट हवी. नाहीतर टीकाकार पिंजऱ्यात उभा राहील, आणि शेजाऱ्यावर आग ओकणारा टिळकांचे नाव घेऊन मोकळा फिरेल.